मृत्यूचे कारण : वृद्धापकाळ

लघवी अडते. हे दोन शब्द तोंडातून काढायला मला सात महिने लागले, म्हणून सुरुवात त्यांनीच करतो. वाचणाऱ्यांमध्ये एखादा तरी असा असेल, जो रोज सकाळी मोरीचं दार लावून घेतो आणि नळ मोठा सोडून देतो, कारण आपण किती वेळ नुसते उभे आहोत ते घरच्यांना कळू नये. मीही तेच करत होतो. त्या माणसासाठी हे लिहितोय. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील. मला फक्त मी काय केलं ते सांगता येईल, आणि त्यातलं बरंचसं सांगण्यासारखं नाही.

माझं नाव भास्कर. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नगरपालिकेत कारकून आहे. १९९४ च्या उन्हाळ्यात, बावन्नाव्या वर्षी, मला प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं कळलं. त्याला आता तीन वर्षं झाली. आजार गेलेला नाही, पण सध्या जागच्या जागी बसून आहे. मी कामावर जातो, जिना चढतो, रविवारी बाजार करतो.

माझं टेबल

माझ्याकडे जन्म-मृत्यूच्या नोंदीचं टेबल होतं. घरात कुणी गेलं की घरचा माणूस यायचा, नाव, वय, पत्ता सांगायचा आणि मी रजिस्टरात लिहायचो. एक रकाना होता, मृत्यूचे कारण. माणूस दवाखान्यात गेलेला असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी असायची. पण आमच्याकडचे म्हातारे बहुतेक घरीच जायचे. मग कारण मीच विचारायचो.

एकदा जवळच्या वस्तीतला एक माणूस वडिलांची नोंद करायला आला. मागे रांग होती.

"काय झालं होतं वडिलांना?" मी विचारलं.

तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "मुतनंच बंद व्हयनं व्हतं, साहेब. मंग कंबर धरी लिधी. मंग उठनाच नई."

रांगेत मागे दोघं फिसकन हसले. त्या माणसाचा चेहरा उतरला.

"वय?"

"सत्तर व्हतीन."

मी लिहिलं, 'वृद्धापकाळ'. आणि मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं. त्या माणसाने मला हात जोडले.

असे किती लिहिले असतील, मला आठवत नाही. लघवी, कंबर, पाय लुळे पडणे, हे सगळं ऐकायचं आणि वृद्धापकाळ लिहायचं. शेजारच्या टेबलावर घरपट्टीचे पाटील बसायचे. ते म्हणायचे, "भास्करराव, तुमच्या रजिस्टरात साठीनंतर कुणाला आजारच होत नाही. नुसतं वय होतं!" मी हसायचो. खरं सांगायचं तर मला तो माझा चांगुलपणा वाटायचा. गेलेल्या माणसाचं मुतणं सरकारी कागदावर कशाला ठेवायचं? महिन्याच्या महिन्याला त्या नोंदींचा तक्ता जिल्ह्याला जायचा. तिथून पुढे कुठे जायचा, याचा मी कधी विचार केला नाही.

नाना

आमचं मूळ गाव शिंदखेड्याजवळ. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. माझा मोठा भाऊ, आबा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, नानांबरोबर शेती करायचा. शिकून नोकरीला लागलेला मी एकटा. त्यामुळे दवाखाना, कोर्ट, कचेरी असं काही निघालं की मला बोलावणं यायचं.

१९८३ साली नानांना लघवीचा त्रास सुरू झाला, पाठोपाठ कंबर. मी त्यांना धुळ्याला एका सर्जनकडे नेलं. तपासण्या झाल्या. पंधरा दिवसांनी परत गेलो, तेव्हा सर्जननी नानांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि मला आत घेतलं.

"हा कॅन्सर आहे. हाडांत उतरलाय," ते म्हणाले. "हाडं ठिसूळ झालीत, त्यांना जपा. दोन्ही गोळ्या काढून टाकल्या तर दुखणं बरंच कमी होईल. वर्ष-दोन वर्षं बरी जातील."

गोळ्या म्हणजे अंडकोषातल्या, हे मला कळलं. मी बाहेर आलो. नाना टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

"काय म्हनस डाक्टर?"

"काही नई, नाना. वय शे."

"मी तं तेच सांगू," नाना म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला की बसस्टँडवर त्यांनी स्वतःहून भजी मागवली.

संध्याकाळी घरी आबालाही मी तेच सांगितलं. वय शे. आमच्या अहिराणीत, वय झालंय.

मी असं का केलं, हे लोकांनी नंतर मला विचारलं. नानांच्या मनाला लागू नये म्हणून, असं मी सांगत आलो. पण वडिलांच्या समोर उभं राहून, तुमचं ते काढून टाकायचं आहे, हे वाक्य मला बोलता आलं नाही, एवढंच त्याचं कारण. मला लाज वाटली. त्या लाजेपायी मी त्यांची ती वर्ष-दोन वर्षं परस्पर नाकारली, आणि त्यांना विचारलंही नाही.

आता जे लिहायचंय ते याहून वाईट आहे.

नानांना काही झालेलं नाही, हे आबाने माझ्या तोंडून ऐकलं होतं. त्याने त्यावर विश्वास ठेवला. नाना खाटेवर पडून राहायचे, तर हा त्यांना उठवायचा. "बठीसन हाडं धरतस, नाना. चाला मळामा." रोज सकाळी हाताला धरून शेतापर्यंत न्यायचा. नाना कुरकुरायचे, हा रागवायचा. दिवाळीनंतर एके दिवशी बांधावर नानांचा पाय जरासा मुरगळला आणि मांडीचं हाड मोडलं.

निरोप मिळाल्यावर मी पोचलो, तेव्हा आबा ओट्यावर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होता. "मी पाडं रे नानाले. तो नई नई म्हने, मीच वढीसन लई गऊ."

मला माहीत होतं. ते हाड कशाने मोडलं, हे त्या घरात मला एकट्याला माहीत होतं. मी आबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "व्हई जास आबा. वय शे."

नानांना मी माझ्या घरी आणलं. चाळीस दिवसांनी ते गेले. नोंद मीच केली, माझ्याच टेबलावर. खबर देणारा म्हणून आबा समोर उभा होता. मी कारणाच्या रकान्यात वृद्धापकाळ लिहिलं. आबाने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "पाय मोडना तेबी लिख ना."

"गरज नई," मी म्हणालो.

त्यानंतर दर अखाजीला, खान्देशात अक्षय्य तृतीयेला पितरांची घागर भरतात तेव्हा, आबा नानांच्या घागरीपुढे डोकं टेकवून मोठ्याने म्हणायचा, "नाना, मना हातथून चूक व्हयनी, माफी द्या." मी त्याच्या शेजारी पाटावर बसलेलो असायचो. घागरीवरचं खरबूज, सांजोऱ्या, सगळं मला आठवतं, कारण मी तिकडेच बघत राहायचो.

नाही, म्हातारपणाने गेले

माझा त्रास सुरू झाला १९९३ मध्ये. सात महिने मोरीतला नळ सोडून काढले. मग जळगावला एका डॉक्टरांकडे गेलो. तरुण होते, मोकळं बोलायचे. त्यांनी सगळं विचारलं आणि मग म्हणाले, "मागून बोट घालून ग्रंथी तपासावी लागेल. एक मिनिटाचं काम आहे."

"त्याची गरज आहे का?" मी म्हणालो.

"वडिलांना किंवा भावांना कधी प्रोस्टेटचा काही आजार?"

"नाही. वडील म्हातारपणाने गेले."

माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं, की मला स्वतःलाही ते खोटं वाटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "तसं तुमचं वय कमी आहे. आणि या ग्रंथीचा कॅन्सर आपल्याकडे फारसा दिसत नाही. परदेशात खूप, मुंबईकडे बऱ्यापैकी, आणि तिथे वाढतोय असंही म्हणतात. पण खान्देशात नाहीच म्हणायला हरकत नाही. मध्ये मी जिल्ह्याचे मृत्यूचे तक्ते चाळले होते. वर्षंच्या वर्षं एकही नाही."

मी मान हलवली.

"तपासलेलं बरं," ते पुन्हा म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि महिन्याने या म्हणून सांगितलं. मी पाच महिन्यांनी गेलो. तेसुद्धा माझ्या पायांनी नाही. लघवी पूर्ण बंद पडली होती, पोट नगाऱ्यासारखं झालं होतं, आणि माझी बायको शांता शेजाऱ्यांच्या जीपमधून मला घेऊन आली होती. नळी घातल्यावर जो आराम पडला त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांना माहीत आहे. मला त्या क्षणी डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटले.

मग त्यांनी ते एक मिनिटाचं काम केलं.

तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी कागद आला. शांता डबा धुवायला गेली होती. डॉक्टर स्टूल ओढून खाटेशी बसले, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "भास्करराव, वडिलांचं नक्की काय झालं होतं?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा सांगितलं. धुळ्याचं, बाकाचं, मांडीच्या हाडाचं. ते ऐकत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी तुम्हाला सांगत होतो, इकडे हा आजार नसतो म्हणून. ते तक्ते भरतं कोण, कुणास ठाऊक."

"आमच्या गावचे मी भरतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं, पण रागावले नाहीत. "एका टेबलाने जिल्हा पुसला जात नाही," ते म्हणाले. "पण तुमच्यासारखी टेबलं किती असतील? मुंबईचा माणूस दवाखान्यात मरतो, चिठ्ठीवर नाव येतं. आपला घरी मरतो. मग दिसणार काय, तिकडे आजार आहे आणि इकडे नाही." कागदाची घडी घालताना त्यांनी विचारलं, "भाऊ आहे तुम्हाला?"

"थोरला आहे."

"त्याला तपासायला सांगा. वडिलांना होता, तुम्हाला आहे. त्याला धोका इतरांपेक्षा जास्त. लवकर सापडला तर पूर्ण बरा होऊ शकतो. तुमचा हाडापर्यंत पोचलाय, थोडासाच, पण पोचलाय. त्याचा कदाचित नसेल."

आणि मग माझ्याबद्दल त्यांनी सांगितलं ते शब्दसुद्धा तेच होते. दोन्ही गोळ्या काढून टाकल्या तर दुखणं कमी होईल. नानांना न विचारता मी जे नाकारलं होतं, ते आता मला विचारलं जात होतं. मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. जगावंसं वाटत असलं की लाज किती पटकन बाजूला होते, हे बघून मला स्वतःची किळस आली.

खाट

ऑपरेशन अर्ध्या तासाचं. त्याची भीती वाटते तेवढं ते मोठं नाही. नळी मात्र नंतरही बरेच दिवस ठेवली होती. लघवीची पिशवी खाटेच्या लोखंडी दांडीला बांधलेली. नळीच्या लांबीइतकंच माझं जग. कुशीवर वळायचं तर आधी नळी बघायची. उठून बसायचं तर नळी बघायची. खिडकी चार पावलांवर होती, पण ती चार पावलं जायला पिशवी सोडवून हातात धरायला कुणीतरी लागायचं. बाहेर जळगावचं मे महिन्यातलं ऊन. कुलर घरघरायचा आणि समोरच्या खाटेलाच वारा द्यायचा.

पिशवी रिकामी करायला एक मावशी यायच्या. भांड्यात माप बघून मोठ्याने जाहीर करायच्या, "आज भाऊना पह्यला नंबर!" सुरुवातीला मी डोळे मिटून घ्यायचो. चौथ्या दिवसापासून मीच विचारायला लागलो, "आज कितवा?" आजारपणात लहान लहान गोष्टींनी माणूस तरतो, त्यातली ही एक. ज्या गोष्टीचा उच्चार मी वर्षभर टाळला, ती मावशी रोज सकाळी सगळ्या वॉर्डासमोर बोलायच्या आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आबा चौथ्या दिवशी आला. सुरत-भुसावळ पॅसेंजरने उभ्याने आलेला. फडक्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. मला बघून त्याचे डोळे भरले, म्हणून त्याने लगेच थट्टा सुरू केली.

"आख्खा गावना नळले पानी नई, आनि नगरपालिकाना कारकूनना नळ चोवीस तास चालू!"

वॉर्ड हसला. मीही हसलो, टाके दुखेपर्यंत.

तासभरात आबा तीनदा उठून गेला. पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा तो आत असताना नळाचा आवाज येत होता. बराच वेळ, एकसारखा.

परत आल्यावर पंच्याला हात पुसत म्हणाला, "पानी जास्त पेस मी आजकाल. दुसरं काय!"

त्याला सांगायचं तर एवढंच सांगून भागणार नव्हतं. मला आहे म्हणून तू तपास, असं म्हटलं असतं तर आबाने हसण्यावारी नेलं असतं. तो डॉक्टरांना मानणारा माणूस नव्हता. नानांना होता हे सांगितलं तरच तो हलला असता. आणि नानांना होता म्हटलं की त्याचा पुढचा प्रश्न मांडीच्या हाडाचाच असणार होता. मी नळीकडे बघत पडून राहिलो. तो गेला. चार दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा तीनदा उठला. मी पुन्हा काही बोललो नाही. ही गोष्ट मी लपवून लिहिणार नाही. मला कॅन्सर झालेला, भावाला होत असलेला डोळ्यांनी दिसतोय, आणि तरी मी त्याला दोनदा तसाच गाडीला जाऊ दिलं.

शांता

राउंडला आलेल्या डॉक्टरांनी शांतासमोर विचारलं, "भावाला सांगितलं का?" ते गेल्यावर तिने डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "काय सांगायचंय?"

मी सांगितलं. सगळं. तिने डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "चाळीस दिवस मी त्यांची कंबर चेपली. दाबून दाबून. ते ओरडायचे आणि मी म्हणायचे, सोसा जरा नाना, मोकळं होईल."

त्यानंतर दोन दिवस ती डबा आणायची, भरवायची, अंग पुसायची, पण माझ्याशी बोलत नव्हती. नळीला बांधलेल्या माणसाला अशी शांतता टाळता येत नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते. पण माझ्या तोंडून कळलं तर आबा तुमच्या दारात पुन्हा उभे राहणार नाहीत. काय ते ठरवा."

आबा दुपारी आला. फडकं सोडून त्याने भाकरी पुढे केली. मी म्हणालो, "आबा, बठ. मधमा उठू नको." आणि सांगायला लागलो. पाच-सहा वाक्यांत संपलं. एवढंच होतं ते.

आबाने एकच शब्द विचारला. "पाय?"

"पाय तुनामुये नई मोडना. हाड आंदरथून खायेल व्हतं. डाक्टरनी सांगेल व्हतं."

"तुले ठाऊक व्हतं."

"हा."

"मी ओटावर तोंडमा मारी ऱ्हायंतू, तव्हय बी?"

"हा, आबा."

त्याने भाकरी परत फडक्यात ठेवली. चारही टोकं नीट जुळवून गाठ मारली.

"अकरा अखाजी," तो म्हणाला. "अकरा अखाजी मी घागरपुढे नाक घासं. तू बाजूले बठेल व्हता."

तो उठला. मी हाक मारली. तो दरवाजाकडे चालत राहिला. मी खाटेवरून पाय खाली टाकले, उभा राहिलो, दोन पावलं गेलो आणि नळी ताणली गेली. पोटातून कळ आली. पिशवीची गाठ मला सोडवता येईना. शांता बाहेर होती. मी त्या दोन पावलांवर दांडी धरून उभा राहिलो आणि आबा जिना उतरताना त्याच्या वहाणांचा आवाज ऐकत राहिलो.

पोस्टकार्ड

मला घरी सोडलं. शरीराचे नवे प्रकार सुरू झाले. त्या ऑपरेशननंतर अंगात एकाएकी गरम वाफ उठते, कानशिलं तापतात, घाम फुटतो, दोन मिनिटांत सगळं गार. तुम्हाला झालं तर घाबरू नका. पहिल्यांदा झालं तेव्हा मी भर पंख्याखाली शर्ट काढून फेकला. शांता बघत होती. दोन वर्षांपूर्वी तिला हेच व्हायचं आणि मी म्हणायचो, तुझं काहीतरीच असतं. ती पदराने वारा घालत म्हणाली, "आता कळलं?" त्या पंधरा दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदाच हसली.

आबाकडून काही नव्हतं. मी अंतर्देशीय पत्र पाठवलं, उत्तर नाही. दुसरं पाठवलं, तेही तसंच. त्याने ती उघडलीच नसणार, हे मी समजलो. मला जागचं हलता येत नव्हतं, प्रवासाला डॉक्टरांची मनाई होती, आणि दर दिवशी मला त्या नळाचा आवाज आठवत होता.

मग मी एक पोस्टकार्ड घेतलं. पोस्टकार्ड बंद करता येत नाही. आमच्या गावी पोस्टमन ते वाचून मगच देतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं :

'ती. आबांस, तुम्हाला लघवीचा त्रास आहे. धुळ्याला दाखवा. आपल्या नानांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता, मला आहे. नानांचा पाय त्या आजाराने मोडला, तुमच्यामुळे नाही. हे मला तेव्हापासून माहीत होतं. भास्कर.'

लाल पेटीत टाकलं. नानांचं, माझं, आबाचं, सगळ्यांचं झाकलेलं मी उघड्यावर टाकत होतो. पुढच्या आठवड्यात अजून एक टाकलं. मग अजून एक. मजकूर तोच.

चौथ्याची वेळ आली नाही. वहिनींचा निरोप आला : रविवारी जेवायला बोलावलंय, सगळ्यांनी या.

रविवार

आधी आबाचं काय झालं ते सांगून टाकतो. आजार होता, पण ग्रंथीतच होता. मुंबईला मोठं ऑपरेशन झालं, महिनाभर हाल झाले. आज तीन वर्षांनी तो ठणठणीत आहे आणि मळ्यात जातो. मला सांगायचंय ते मुंबईला जाण्याआधीच्या त्या रविवारचं.

डॉक्टरांची परवानगी काढून मी आणि शांता गाडीने गेलो. आबा ओट्यावर होता. मला बघून उठला नाही.

"पोस्टमन पारवर बठीसन वाचे," तो म्हणाला. "चार गावमा मनं मुतनं गाजाडं तू. ज्याले त्याले एकच इचारनं, काय आबा, व्हयनी का? शेवट वैतागीसन धुळाले गऊ."

मी अंगणातच थांबलो.

"माफी नई तुले," तो म्हणाला. "ते नई व्हनार." मग ओटा हाताने झटकत, "बठ. उनमा उभा ऱ्हाऊ नको."

जेवायला सगळे एका पंगतीत बसले. आबाचे दोन्ही मुलगे, एक बत्तीसचा, एक अठ्ठावीसचा. दोन्ही सुना वाढत होत्या. वहिनी चुलीपाशी. आबाने पहिला घास घेतला, पाणी प्यायला, आणि शेतातून हाक मारावी तशा आवाजात सुरू केलं.

"आयका रे दोन्हीजन. तुमना आजाले मुतनी गाठना कॅन्सर व्हता. तुमना काकाले शे. आते माले शे, मुंबईले कापाले जाई ऱ्हायनू. ही आपला खानदाननी वस्तू शे, जमीनसारखी वाटनीमा येस. चाळीशी व्हयनी का धुळाले जा. डाक्टर बोट घाली तपासस. तपासू द्या. लाजनं नई."

थोरल्या सुनेच्या हातातला वरणाचा डाव ताटावर तसाच थांबला. धाकटीने पदर तोंडाला लावला. वहिनी चुलीपासून ओरडल्या, "जेवाना टाईमले काय बोलतस हाई!"

"जेवाना टाईमले बठ्ठा एक जागे ऱ्हातस, म्हनीसन," आबा म्हणाला.

धाकटा मुलगा भात कालवत म्हणाला, "चाळीशीलेच जानं का पह्यले गयं तरी चालस?"

"डाक्टरले इचार," आबा म्हणाला.

झालं. वरण वाढलं गेलं. कुणीतरी मीठ मागितलं. आबा माझ्याकडे वळला. वॉर्डातल्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"देखं?" तो म्हणाला. "असं सांगतस."